हुक्का कोण भरतं?

हिंदीत शतरंज म्हणतात. मूळ शब्द चतुरंग, म्हणजे सैन्याची चार अंगं : हत्ती, घोडे, रथ, पायदळ. तो शब्द फारसी-अरबीतून फिरून शतरंज होऊन परत आला. त्या नावात निदान फौज आहे. मराठीनं मात्र फौज हाकलून दिली आणि नाव ठेवलं बुद्धिबळ. आणि बुद्धी म्हटली की ती कुणाच्या मालकीची, हे या मुलखात आपण जन्मायच्या आधीच ठरलेलं. म्हणून हा खेळ पडद्यावर आला की मी डावाकडं बघतच नाही. खेळतं कोण, बाजूला उभं कोण, चहा कोण आणतं, हे बघतो.

सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाड़ी’ १९७७ चा. आम्ही चौघांनी रात्रपाळीहून आल्यावर खोलीवर मोबाईलच्या चार बोटांच्या पडद्यावर पाहिला. एकजण अर्ध्यात झोपला. त्याला दोष नाही. पण पिक्चर मोठा आहे, हे आधी कबूल करतो. साल १८५६, लखनौ. इंग्रज अवध गिळायला बसलेत आणि मिर्झा सज्जाद अली न् मीर रोशन अली हे दोन जहागीरदार पटावरून उठत नाहीत. संजीवकुमार आणि सईद जाफरी. मिर्झाची बायको चिडून मोहरे लपवते तेव्हा हे दोघं भाजीपाला न् सुकामेवा पटावर मांडून खेळतात. लोक इथं हसतात. मलाही हसू आलं, पण माझं हसू जरा वेगळ्या जागेवरचं. आमच्या रिंग खात्यातली पोरं बाटल्यांची बुचं मांडून खेळतात, ते बघून कुणी हसत नाही. गरज आणि चैन एकच वस्तू वापरतात, फरक एवढाच की चैनीचा पिक्चर होतो.

मुन्शी नंदलाल येऊन त्यांना इंग्रजी पद्धत सांगतो. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं पळतं, वजिराच्या जागी राणी येते, डाव लवकर उरकतो. शेवटी ओसाड जागी बसून दोघं त्याच इंग्रजी चालीनं खेळायला लागतात. राज्य गेलं, आणि ते पटावर कसं गेलं हे रायनी एका चालीत दाखवलं. प्रेमचंदांच्या मूळ कथेत दोघं तलवारी उपसून एकमेकाला मारतात. राय त्यांना मरू देत नाहीत, गोळी शालीला लागून जाते. मला रायचं बरोबर वाटतं. असली माणसं मरत नसतात, ती पुढच्या सरकारात जागा धरून बसतात.

आता भांडण. त्या ओसाड गावात लोक पळून गेलेत, एक पोरगा मागं राहिलाय. नाव कल्लू. तो यांना हुक्का भरून देतो, खायला आणतो. कॅमेरा त्याला प्रेमानं बघतो, पण बघतो तो खेळणाऱ्यांच्या बाजूला बसून. कल्लूला अवधचं राज्य गेल्याचं दुःख असायला पाहिजे, असं पिक्चर गृहीत धरून चालतं. का बाबा? नवाबाच्या राज्यात कल्लू काय खात होता? इंग्रज आल्यावर त्याचा हुक्का भरायचा सुटणार होता का? हे प्रश्न पिक्चर विचारत नाही. आपल्याला ते विचारावेच लागतात, कारण आपल्या मुलखातलं एक राज्य असंच गेलं, १८१८ साली. त्या वर्षीच्या १ जानेवारीला कोरेगावला महार शिपाई कंपनीच्या बाजूनं पेशव्याच्या फौजेशी लढले. ज्यांना पेशवाईत गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून फिरावं लागायचं, त्यांनी राज्य गेलं म्हणून रडायचं का? लखनौच्या रडण्यात आपण सामील होऊ शकत नाही. आणि पुण्याच्या तर नाहीच नाही. इंग्रज काही आपला मामा लागत नव्हता, त्यानं पुढं महारांची भरती बंदही करून दाखवली. पण प्यादं कुणाचं, याचा विचार प्याद्यानंच करायचा असतो. राजा करत नसतो.

रायवर एवढं चिडायचं कारण आहे. त्याच माणसानं, त्याच प्रेमचंदांची कथा घेऊन, १९८१ साली दूरदर्शनसाठी ‘सद्गती’ केला. ओम पुरीचा दुखी चांभार पोरीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला भटाकडं जातो. भट त्याला उपाशीपोटी झाडू मारायला लावतो, ओझं वाहायला लावतो, लाकडाचा ओंडका फोडायला लावतो. दुखी तिथंच मरतो. भट त्याच्या पायाला फास अडकवून, मढ्याला हात न लावता ओढत नेतो. तो भट झालेत आपले मोहन आगाशे, आणि असे झालेत की रात्रभर डोळ्यासमोरून गेले नाहीत. म्हणजे रायला दिसत होतं. कल्लूला मधोमध बसवणं त्याला जमलं असतं. पण बघा, मधोमध यायला दुखीला मरावं लागलं. जहागीरदार मधोमध येतो तो खेळत, आणि आपला माणूस येतो तो मढं होऊन. आपला माणूस विचार करत बसलाय, हनुवटीला हात लावून पुढची चाल शोधतोय, असं चित्र कुठंय?

‘वजीर’ (२०१६) बद्दल फार लिहीत नाही. अमिताभ बच्चन चाकाच्या खुर्चीतला पंडित, फरहान अख्तर पोलीस, आणि दर दहा मिनिटाला बुद्धिबळावरचं एक सुभाषित. पट नुसता शोभेला.

‘क्वीन्स गॅम्बिट’ (२०२०) मात्र पाहा. अनाथाश्रमातल्या पोरीला हा खेळ शिकवतो तो तिथला झाडलोट करणारा शायबेल, तळघरात. आधी तोच म्हणतो, पोरी खेळत नसतात. मग शिकवतो. पोरगी जग जिंकायला निघते, हा तळघरातच मरतो, आणि भिंतीवर तिच्या बातम्यांची कात्रणं चिकटवलेली सापडतात. सातही भाग झकपक कपड्यांनी भरलेत, पण माझ्या डोक्यात ती भिंत राहिली. शायबेल कुणाकडून शिकला? तो स्वतः कुठल्या स्पर्धेत का बसला नाही? त्या मालिकेला त्याची गरज शिकवण्यापुरतीच. तिची काळी मैत्रीण जोलीन, तिचीही गरज अशीच, मॉस्कोच्या प्रवासाला पैसे देण्यापुरती.

आणि आता मीरा नायरचा ‘क्वीन ऑफ कटवे’ (२०१६). हा आपला पिक्चर. युगांडातल्या कंपाला शहराची कटवे नावाची झोपडपट्टी, तिथं मका विकणारी खरीखुरी पोरगी फियोना मुतेसी, आणि पोरांना खेळ शिकवणारा रॉबर्ट काटेंडे. पहिल्या दिवशी पोरं तिला म्हणतात, तुझा वास येतो. दुसऱ्या दिवशी ती अंग धुऊन येते. मग एक तिच्याहून लहान पोरगी तिला समजावते की या खेळात लहानाचं मोठं होता येतं. आपण प्याद्याचा वजीर शंभरदा ऐकलाय, घरातले म्हातारे कुणाला टोमणा मारायला वापरतात. चिखलात बसलेल्या पोरीच्या तोंडून ते ऐकलं आणि अंगावर काटा आला. पुढं ही पोरं श्रीमंतांच्या शाळेत स्पर्धेला जातात. समोरचा पोरगा हात मिळवतो आणि हात पुसून टाकतो. दोस्तांनो, त्याला विटाळ हा शब्द माहीत नाही, पण पुसणं तेच आहे. रात्री गाद्या सोडून पोरं जमिनीवर एकमेकाला चिकटून झोपतात. असल्या जागा लिहून सुचत नाहीत, भोगून कळतात.

तक्रार एकच. शेवटी घर, गाणी, सगळं गोड होतं. कटवेतल्या बाकीच्या पोरांचं काय, ते पिक्चरच्या बाहेर. तरी आई आहे त्यात, भाडं थकल्यावर पोरांना घेऊन रस्त्यावर आलेली. पोरीच्या हुशारीची किंमत आई मोजते, हे दाखवल्याबद्दल मी नायरबाईंना बाकी सगळं माफ करतो.

आपल्याकडं गोष्टींची वाण आहे का? ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री, रोहिणी, यांनी सत्तरीच्या दशकात देशातलं बायकांचं बुद्धिबळ गाजवलं. रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा ओरड झाली. २०२५ च्या जुलैत नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियात बायकांचा विश्वचषक जिंकून आली. यांच्यावर मराठी पिक्चर मी तरी पाहिला नाही. आणि निघाला तरी तो घरात पट असलेल्यांचा निघेल. ज्याच्या घरात पट ठेवायला जागा नाही, त्याची गोष्ट कोण लिहिणार? आपणच लिहायची, पण आपण अजून मडक्या-झाडूच्या पुढं जायला बिचकतो. आमच्या कवितेतही आमचा माणूस रडतो, पेटतो, शिव्या देतो. विचार करत बसलेला कमीच दिसतो. माझ्याही कवितेत नाही. रायला बोलताना हे लपवणं बरं नाही.

आमच्याकडं जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. तेवढ्यात डाव संपत नाही. मग कोणती बुचं कुठं आहेत ते एकजण बिडीच्या बंडलाच्या कागदावर चौकोन काढून लिहून ठेवतो आणि दुसऱ्या रात्री तिथून पुढं सुरू. एकदा जॉबरनं तो कागद उचलला. बराच वेळ बघत उभा राहिला. मला वाटलं आता फाडणार. तो म्हणाला, “तुम्हाला पण येतं व्हय हे?” कागद परत दिला आणि गेला. त्या डावात माझा घोडा अडकलेला होता. अजून सुटलेला नाही.