संत थॉमस मोर : एक नाटक, अनेक प्रेक्षक

ऐतिहासिक नाटकाची संहिता एकदाच लिहिली जाते. तिचा अर्थ मात्र प्रत्येक पिढीचा प्रेक्षक नव्याने लावीत असतो. रॉबर्ट बोल्ट या इंग्रज नाटककाराचे ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ हे याचे बोलके उदाहरण आहे. 1960 साली ते लंडनच्या रंगभूमीवर आले. कथानक वाचकांच्या परिचयाचे असेल. राजा आठवा हेन्री याने रोमशी नाते तोडून स्वतःस इंग्लंडमधील ख्रिस्तसभेचा प्रमुख म्हणविले. माजी चॅन्सेलर सर थॉमस मोर यांनी राजाला हवी असलेली शपथ घेतली नाही आणि न घेण्याचे कारणही सांगितले नाही. रिचर्ड रिच याच्या खोट्या साक्षीवर ते दोषी ठरले. 6 जुलै 1535 रोजी त्यांचा शिरच्छेद झाला.

आपण कॅथलिक प्रेक्षक या नाटकाकडे संतचरित्र म्हणून पाहतो. ते स्वाभाविकच आहे. अकरावे पायस यांनी 1935 साली मोर यांना संतपद बहाल केले आणि 2000 साली दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना राज्यकर्त्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. परंतु बोल्ट स्वतः कॅथलिक नव्हते, आणि तसे त्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट लिहिले आहे. शपथ घेणारा माणूस स्वतःलाच तारण ठेवीत असतो. ती मोडली तर त्याच्यापाशी स्वतःचे असे काहीच उरत नाही, हा त्यांच्या नाटकाचा गाभा होय. आपले मोर देवासाठी प्राण देतात, बोल्ट यांचे मोर स्वत्वासाठी. एकच संहिता हे दोन्ही अर्थ पेलते, हे तिचे सामर्थ्य आहे.

1961 साली नाटक न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा शपथेला तेथे निराळाच संदर्भ होता. कम्युनिस्ट नसल्याची शपथ नाकारणाऱ्या प्राध्यापकांना 1950 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने काढून टाकले होते. त्या आठवणी ताज्या असलेल्या प्रेक्षकांना मोर यांच्या मौनात आपलाच काळ दिसला असल्यास नवल नाही. त्याच वर्षी अण्वस्त्रविरोधी आंदोलनात बोल्ट यांना तुरुंगवास झाला. एका चित्रपटाचे लेखन अडल्यामुळे निर्मात्याने गळ घातली. अखेर हमीपत्रावर सही करून ते बाहेर आले. मोर लिहिणारा लेखक मोर होऊ शकला नाही! आम्ही हे त्यांना हिणविण्यासाठी सांगत नाही. नाटकातील ज्या पात्राकडे आपले लक्ष जात नाही, त्याच्याकडे ही घटना बोट दाखविते.

ते पात्र म्हणजे ‘सामान्य माणूस’. टोपलीतील कपडे बदलीत तो कधी मोर यांचा कारभारी होतो, कधी नावाडी, कधी तुरुंगाधिकारी. खटल्यात ज्यूरीच्या प्रमुखाची टोपी त्याच्या डोक्यावर चढते आणि भीतीपोटी तो ‘दोषी’ म्हणतो. शेवटी कुऱ्हाडही त्याच्याच हाती येते. तो दुष्ट नाही. त्याला फक्त जगायचे आहे. 1966 साली आलेल्या, सहा ऑस्कर मिळविणाऱ्या चित्रपटातून हे पात्र वगळले गेले. चित्रपट देखणा झाला, परंतु प्रेक्षकाची सुटका झाली. समोर उरले ते एकटे संत, आणि संताशी तद्रूप होणे फार सोपे असते.

2009 साली हिलरी मँटेल यांच्या ‘वुल्फ हॉल’ या कादंबरीने पारडे उलटे फिरविले. तिच्यात क्रॉमवेल सहृदय, तर मोर कठोर. हे चित्र एकांगी आहे. तथापि मोर चॅन्सेलर असताना सहा जणांना पाखंडी म्हणून जाळण्यात आले, हा इतिहास आहे. त्याविषयी बोल्ट यांचे नाटक गप्प राहते. ही त्याची उणीव आम्हांस मान्य करावी लागते. ज्या विवेकासाठी मोर यांनी मान दिली, तो विवेक इतरांनाही असतो, हे आजच्या कॅथलिक प्रेक्षकाने विसरून चालणार नाही.

म्हणूनच ज्या नाट्यमंडळांना हे नाटक करावयाचे असेल, त्यांस आमचे एवढेच सांगणे आहे : वेळेअभावी काहीही कापा, पण सामान्य माणसाला कापू नका. मोर यांना वंदन करून घरी जाणे सोपे आहे. ती टोपी आपल्या डोक्यावर कितीदा चढली, हे विचारणे कठीण. आणि नाटकाने आपल्याला विचारावयाचे ते नेमके हेच.