अनुकूलनशील बिनतारी जाळे : एका लष्करी संकल्पनेची चिकित्सा

रणांगणावर मनोरे उभारत बसता येत नाही. म्हणून प्रत्येक संचाने शेजाऱ्याचा संदेश पुढे पोहोचवावा आणि एखादा संच निकामी झाल्यास जाळ्याने स्वतःच नवा मार्ग शोधावा, ही कल्पना अमेरिकेत 1970 च्या दशकात पॅकेट रेडिओच्या प्रयोगांतून पुढे आली. 1997 मध्ये आरंभलेल्या ‘जॉइंट टॅक्टिकल रेडिओ सिस्टिम’ या प्रकल्पाने तिला सॉफ्टवेअरची जोड दिली. मात्र त्यातील लष्करी वाहनांवरील संचाचा कार्यक्रम ऑक्टोबर 2011 मध्ये रद्द करण्यात आला.

या अपयशाचे खापर वाढत्या खर्चावर फोडणे सोपे आहे. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते मर्यादा मूळ संकल्पनेतही होती. पीयूष गुप्ता व पी. आर. कुमार यांनी 2000 मध्ये सिद्ध केले की, यादृच्छिक विखुरलेल्या स्थिर केंद्रांची संख्या चौपट झाल्यास प्रत्येकाच्या वाट्याची संदेशवहनक्षमता निम्म्याहून खाली येते. कारण ती मुख्यतः इतरांचे संदेश वाहण्यातच खर्ची पडते. ग्रॉसग्लाउझर व त्से यांनी 2002 मध्ये गतिमान केंद्रांपुरता हा निष्कर्ष शिथिल केला खरा. पण त्याची किंमत विलंबाच्या रूपाने मोजावी लागते. रणांगणात तर उशिरा पोहोचलेला इशारा व्यर्थच ठरतो.

सारांश, प्रत्येक सैनिकाला जाळ्याचे केंद्र बनविण्यापूर्वी टंचाईच्या क्षणी कोणाचा संदेश थांबवावा, हे ठरले पाहिजे. हा निर्णय सेनापतीचा आहे. तो निव्वळ अभियंत्यांवर सोपविणे योग्य नव्हे.