हळदीच्या गोष्टीतले गळालेले पान

विज्ञान दिनाच्या भाषणांत हळदीची गोष्ट हमखास येते. अमेरिकेने आपल्या हळदीचे पेटंट घेतले, डॉ. रघुनाथ माशेलकर लढले आणि आजीबाईचा बटवा जिंकला. ऐकायला छान वाटते. पण शिक्षकाच्या उपयोगाचे तेवढेच तिच्यातून गळते.

पहिली गोष्ट, पेटंट हळदीवर नव्हते. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ते मिळाले, ते जखम भरून येण्यासाठी हळद देण्याच्या पद्धतीवर. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे होते.

दुसरी चूक मोठी आहे. अर्धापूरच्या किंवा लातूरच्या आजीला साक्षीला नेले असते, तरी तिची साक्ष चालली नसती. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर धरला जात नसे. छापील मजकूर मात्र कोणत्याही देशातला चाले. म्हणून माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये फेरतपासणी मागताना ३२ संदर्भ जोडले. त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदी मजकूर होता, काही शंभर वर्षांहून जुना. १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये सर्व दावे फेटाळले गेले.

थोडक्यात, आजीचे ज्ञान टिकले ते कोणीतरी छापून ठेवले म्हणून. अशा कागदाला तपासनीस तीन प्रश्न विचारतो. तारीख अर्जाच्या आधीची आहे का? तो लोकांना वाचायला खुला होता का? दाव्यातली तीच गोष्ट त्यात सांगितली आहे का? घरातल्या वहीत लिहून कपाटात ठेवलेला उपाय दुसऱ्याच प्रश्नाला अडतो.

पुढे कायदे बदलले. भारतात २००२ च्या दुरुस्तीने स्थानिक समाजातले तोंडी ज्ञानही पेटंटला हरकत घेण्याचे कारण ठरले. अमेरिकेतही २०१३ पासून परदेशातला उघड वापर विचारात घेतला जातो. तरी 'आमच्याकडे पूर्वापार आहे' एवढे म्हणून भागत नाही. केव्हापासून आणि कशावरून, हे दाखवावेच लागते.

नांदेडच्या बाजूला उन्हाळ्याच्या तोंडावर हळद शिजते, अंगणात वाळते. त्या दिवसांत 'हळदीचे महत्त्व' हा निबंध देण्याऐवजी मुलांना एकच प्रश्न घालावा: तुमच्या आजीला हा उपाय माहीत होता, हे परक्या माणसाला तुम्ही कशावरून पटवाल? उत्तर शोधता शोधता अभिमान आणि पुरावा यांतला फरक त्यांना आपोआप कळेल.