लिऑनचं जॉइनिंग

'रेझिडेंट ईव्हिल २'ची गोष्ट कुणाला तरी तोंडी सांगून बघा. झॉम्बी येईपर्यंत ऐकणारा शांत असतो. व्हायरस आहे, दुष्ट औषध कंपनी आहे, अमेरिकेतलं रकून सिटी नावाचं शहर आहे, सगळं ठीक. मग तुम्ही म्हणता, "आता लिऑनला पोलीस ठाण्यातून बाहेर पडायचंय, म्हणून तो सिंहाचं पदक शोधतो."

"सिंहाचं? पोलीस ठाण्यात?"

"हो. आणि युनिकॉर्नचं. आणि एका तरुणीचं. तिन्ही पदकं हॉलमधल्या देवीच्या पुतळ्यात बसवली की भुयार उघडतं."

यानंतर समोरचा मोबाईल काढतो.

मूळ खेळ १९९८ साली प्लेस्टेशनवर आला आणि कथाही १९९८च्याच सप्टेंबरमध्ये घडते. २०१९ मध्ये कॅपकॉमनं तो पायापासून पुन्हा बांधला. मी बोलतोय ते मुख्यतः या नव्या खेळाबद्दल, आणि कथा पूर्ण फोडणार आहे.

सुरुवात अम्ब्रेला कंपनीपासून करू, कारण सगळा घोळ तिचा. विल्यम बर्किन हा त्यांचा हुशार शास्त्रज्ञ. शहराच्या पोटातल्या प्रयोगशाळेत बसून त्यानं जी-व्हायरस तयार केलाय आणि आता तो कंपनीला द्यायला तयार नाही. कुठल्याही कंपनीत अशा वेळी आधी एचआर येतं, मग वकील, मग एक लांबलचक ईमेल. अम्ब्रेला थेट बंदूकधारी तुकडी पाठवते. ते बर्किनला गोळ्या घालून नमुने पळवतात. मरता मरता बर्किन स्वतःलाच जी-व्हायरस टोचून घेतो, राक्षस होतो आणि गटारात त्या तुकडीचा फडशा पाडतो. त्या गडबडीत टी-व्हायरसच्या कुप्या फुटतात, उंदीर ते चाटतात आणि शहरभर पोचवतात. डिलिव्हरीचं जे काम प्रशिक्षित कमांडोंना जमलं नाही, ते उंदरांनी काही दिवसांत करून दाखवलं.

कंपनीच्या बाकीच्या व्यवस्थाही अशाच. आत जायला चिप बसवलेले मनगटी पट्टे लागतात. साध्या कर्मचाऱ्याचा वेगळा, वरिष्ठांचा वेगळा. ॲक्सेस कंट्रोल चोख, कौतुक आहे. पण त्या प्रयोगशाळेकडे जाणारी वाट गटारातून जाते, आणि गटारातलं दार उघडायला भिंतीत बुद्धिबळाच्या सोंगट्यांच्या आकाराचे सहा प्लग योग्य क्रमानं लावावे लागतात. राजा, वजीर, उंट, घोडा, हत्ती, प्यादं. म्हणजे महापालिकेचा कुणी माणूस रोज सकाळी ड्यूटीवर येताना खिशात उंट घेऊन निघत असणार. तो उंट घरी विसरला तर काय, हा प्रश्न मला अनेक वर्षं छळतोय. आणि शेवटी ही प्रयोगशाळा स्वतःला उडवून देते. मी सॉफ्टवेअर लिहितो. प्रॉडक्शनवर चुकीची कमांड चालू नये म्हणून आम्ही तीन-तीनदा "नक्की?" असं विचारतो. इथे अख्खी इमारत नष्ट करायची सोय पहिल्यापासून बसवलेली आहे.

पोलीस ठाण्यातल्या पुतळ्यांना निदान एक सबब आहे: ही इमारत पूर्वी कलासंग्रहालय होती. बरं. म्हणून सिंहाच्या पुतळ्यावर सिंह, फांदी आणि पक्षी ही चिन्हं जुळवली की पदक निघतं. पण खोल्यांच्या किल्ल्या चौकट, इस्पिक, किलवर, बदामच्या का? आणि एका पुतळ्यापर्यंत पोचायला रस्ता अडवणाऱ्या कपाटाला सी-फोर स्फोटकं लावून ठेवलीयत, ती कुठल्या क्युरेटरनं? पोलीसप्रमुख आयर्न्स कंपनीची लाच खाणारा आणि वर विकृत, त्यामुळे खेळ बरंचसं त्याच्या नावावर ढकलतो. पण लाच खाणारा माणूस इतका कामसू असेल, हे पटत नाही.

खरं कारण साधं आहे. इथे इमारत आधी येते, कथा नंतर. कॅपकॉमनंच १९८९ मध्ये 'स्वीट होम' नावाचा खेळ केला होता, कियोशी कुरोसावाच्या सिनेमावरून. झपाटलेला वाडा, मोजक्याच वस्तू बाळगायची मुभा, दार उघडताना दिसणारं ते दार. १९९६चा पहिला 'रेझिडेंट ईव्हिल' त्याच वाटेनं गेला. कुलूप इथे, किल्ली तिकडे, मधल्या व्हरांड्यात काहीतरी सरपटतंय. भीती त्या व्हरांड्यातून परत जाण्यात आहे. मग किल्लीवर बदाम असो नाहीतर कारलं, खेळणाऱ्याला फक्त एवढं कळतं की ते दार अजून बंद आहे आणि बंदुकीत चार गोळ्या उरल्यात. त्यात मिस्टर एक्स मागे लागतो: लांब कोट, डोक्यावर हॅट, दारातून येताना वाकणारा धिप्पाड प्राणी. त्याची हॅट गोळी मारून उडवता येते. उपयोग काहीच होत नाही, तो चालतच राहतो. वरच्या मजल्यावर त्याची पावलं वाजायला लागली की कलासंग्रहालयाच्या विनोदाचं हसू येत नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. हा खेळ दोनदा खेळायचा असतो, एकदा लिऑन म्हणून, एकदा क्लेअर म्हणून. दोघं एकाच रात्री त्याच ठाण्यात आहेत. १९९८च्या आवृत्तीत पहिल्या पात्रानं शस्त्र उचललं तर ते दुसऱ्यासाठी शिल्लक नसायचं. दोन्ही गोष्टी निदान एकमेकींना ओळखत होत्या. नव्या खेळात दोघंही तेच पुतळे नव्यानं सोडवतात, त्याच राक्षसाला मारतात. बर्किनची बायको ॲनेट एका गोष्टीत एका तऱ्हेनं मरते, दुसरीत दुसऱ्या. दोन ब्रँच आहेत, मर्ज कुणी केलंच नाही, आणि रिलीज झाली. सिंहाच्या पदकाला एक वेळ सबब देता येते; याला नाही. हा निव्वळ आळस आहे, आणि इतक्या देखण्या खेळात तो जास्तच खुपतो.

आणि तरीही या कथेला मी फक्त हसू शकत नाही. केंडो बघा. बंदुकीच्या दुकानाचा मालक. १९९८ मध्ये तो तुमच्यावर बंदूक रोखतो, मग समजूत पटते, आणि थोड्याच वेळात काच फोडून आलेले झॉम्बी त्याला खातात. २०१९ मध्ये त्याच माणसाला एक लहान मुलगी आहे, संसर्ग झालेली. तो तिला घेऊन आतल्या खोलीत जातो, दार लावतो. बाहेर लिऑनला, आणि आपल्याला, गोळीचा आवाज येतो. त्या दाराला कोडं नाही, किल्ली नाही. ते फक्त बंद होतं.

आणि मग लिऑनचं टेबल. हे अनेक जण घाईत चुकवतात, म्हणून जरा थांबतो. लिऑनचा तो नोकरीचा पहिला दिवस. खरं तर 'येऊ नकोस' असा निरोप होता, पुढे काहीच कळलं नाही म्हणून हा पठ्ठ्या स्वतःच आला. पश्चिमेकडच्या ऑफिसात त्याच्या स्वागताचा फलक लटकतोय आणि टेबलावर सहकाऱ्यांची चिठ्ठी आहे: तुझं पहिलं काम म्हणजे तुझ्याच टेबलाचं कुलूप उघडणं, उत्तर आमच्या नावांच्या पहिल्या अक्षरांत आहे. नव्या माणसाला सगळ्यांची नावं कळावीत म्हणून केलेली गंमत. अशा गमती प्रत्येक ऑफिसात होतात. मीही नव्या मुलांवर केल्यात. त्या अख्ख्या अचाट इमारतीत हे एकमेव कोडं असं आहे जे खऱ्या माणसांनी खऱ्या कारणासाठी रचलं असेल.

सोडवायला टेबलांवरून फिरावं लागतं. एकेक नाव वाचत. एलियट: हा मघाशी शटरखाली अडकला होता, आपण हात धरून ओढला तर अर्धाच हातात आला, पुतळ्यांची वही त्याचीच. मार्विन: त्या शटरखालून लिऑनला बाहेर ओढणारा, आता हॉलमध्ये कोचावर जखम दाबून बसलेला. आपल्याला स्वतःचा चाकू देणारा. थोड्या वेळानं तोही उठून अंगावर येणार आहे. पार्टीचं सामान तसंच आहे. ओळख करून द्यायला कुणी उरलेलं नाही, पण ओळख होतेच.

ड्रॉवरमध्ये पिस्तुलाची मोठी मॅगझिन मिळते. अक्षरं दर वेळी तीच असतात आणि मला ती केव्हाच पाठ झालीत. तरी मी आधी टेबलांवरून एक चक्कर मारून येतो.