ओळख पटली, पण नाते?

अनोळखी पक्षी चिमणी, बुलबुल, मैना यांच्या मापाने ताडून पाहावा, हे सलीम अलींच्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' (१९४१) या पुस्तकाने शिकवले. वर्गासाठी ही पद्धत आजही उत्तम आहे. आमचा आक्षेप 'फ्लायकॅचर' या नावाला आहे. रानातला स्वर्गीय नर्तक आणि टिकेलचा निळा माशीमार दोघेही उडते कीटक टिपतात, म्हणून जुन्या वर्गीकरणात ते एकाच कुळात गेले. डीएनएच्या अभ्यासातून मात्र नर्तक कोतवालाच्या जवळचा ठरला. दोष पुस्तकाचा नाही, काळाचा आहे. पण तो वर्गात उतरू नये. धंदा एक म्हणून घराणे एक, असे नसते. नाव सांगणाऱ्या मुलाला 'कशावरून?' हेही विचारू या.