गुप्ततेचा सौदा : प्रौढांसाठीच्या सोबत-सेवा, फसवणूक आणि लज्जा

प्रस्तुत विषय महाविद्यालयीन नियतकालिकात अप्रशस्त वाटण्याचा संभव आहे. तथापि, पैसे देऊन सोबत मिळविण्याच्या व्यवहारातील फसवणूक नेमकी याच संकोचावर पोसली जाते. ग्राहकाला दिल्या जाणाऱ्या सूचना ठराविक असतात : आगाऊ पैसे पाठवू नयेत, आधारकार्डाची प्रत देऊ नये, वेगळा मोबाईल क्रमांक वापरावा, गोपनीयतेची हमी देणारी सेवा निवडावी. पहिल्या तीन सूचना रास्त आहेत. चौथी मात्र तपासून पाहिली पाहिजे.

विवाहबाह्य संबंध जुळविणारे कॅनडातील 'ॲशली मॅडिसन' हे संकेतस्थळ सोबत-सेवा नव्हे. पण तेथेही विकली जात होती ती गुप्तताच. २०१५ च्या जुलैत त्यात घुसखोरी झाली आणि ऑगस्टमध्ये सुमारे ३ कोटी ६० लाख खात्यांचा तपशील चव्हाट्यावर आला. खाते समूळ पुसण्यासाठी १९ डॉलर आकारले जात. ते भरूनही अनेकांची माहिती शिल्लकच होती. मुखपृष्ठावरील सुरक्षा-पुरस्काराचे चिन्ह संस्थेने स्वतःच रचलेले होते, हे कॅनडा व ऑस्ट्रेलियाच्या गोपनीयता आयुक्तांच्या २०१६ च्या अहवालातून उघड झाले. स्त्रियांची कित्येक खातीही बनावट निघाली. नोंदणीच्या वेळी ई-मेलचा पत्ता पडताळला जात नसल्याने ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता, अशांचे पत्तेही यादीत आले. पुढे खंडणीची पत्रे सुरू झाली. हमी देणारा आणि फसविणारा येथे एकच होता.

आपल्याकडे या लज्जेला कायद्याविषयीच्या अज्ञानाची जोड मिळते. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ नुसार कुंटणखाना चालविणे, दलाली करणे, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणे हे गुन्हे आहेत. प्रौढ व्यक्तीने स्वेच्छेने केलेला देहविक्रय हा स्वतः गुन्हा नाही. फसलेला मनुष्य मात्र स्वतःलाच आरोपी समजतो आणि १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार करण्याऐवजी दुसरा हप्ता भरतो. एकदा पैसे मिळाले की मागणी थांबत नाही, वाढते.

तरीही या सूचनांचा मोठा दोष निराळाच आहे. त्यांत गोपनीयता असते ती केवळ ग्राहकाची. बनावट जाहिरातीत कुणातरी स्त्रीचे छायाचित्र तिच्या नकळत वापरलेले असते, याचा उल्लेख त्यांत क्वचितच आढळतो. महाराष्ट्र राज्य विरुद्ध मधुकर नारायण मर्डीकर या खटल्यात उच्च न्यायालयाने एका स्त्रीची साक्ष तिच्या चारित्र्यावरून अविश्वसनीय मानली होती. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि अशा स्त्रीलाही खासगीपणाचा अधिकार आहे, असे स्पष्ट केले. छाप्यांच्या वेळी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची ओळख प्रसारमाध्यमांनी उघड करू नये, हा त्याच न्यायालयाचा निर्देश मे २०२२ मधला. ग्राहकाने वेगळा क्रमांक वापरावा, हे सांगायला आपण विसरत नाही. समोरच्या स्त्रीचा क्रमांक आणि छायाचित्र त्यानेही कुणाला देऊ नये, हे मात्र सांगायचे राहून जाते.