चूक, दोष आणि शिक्षा : बार्बोसाच्या एका पावलाची चिकित्सा

१६ जुलै १९५० रोजी रिओ दि जानेरोच्या मारकाना मैदानावर ब्राझील आणि उरुग्वे यांच्यात विश्वचषकाचा निर्णायक सामना झाला. ७९व्या मिनिटाला उरुग्वेचा उजव्या बगलेचा आघाडीपटू आल्सिदेस गिजिया याने मारलेला चेंडू ब्राझीलचा गोलरक्षक मोआसिर बार्बोसा आणि त्याच्या डावीकडचा खांब यांच्यामधून जाळ्यात गेला. उरुग्वेने सामना २-१ असा जिंकला. हा गोल बार्बोसाच्या चुकीने झाला का, हा वाद त्या दिवसापासून सुरू झाला आणि २००० साली बार्बोसा वारला तरी मिटला नाही.

या वादात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, बार्बोसाने विश्वचषक घालवला. दुसरा म्हणतो, बार्बोसा संपूर्ण निर्दोष होता, त्याचा बळी दिला गेला. आज जवळजवळ सगळे सुजाण लेखक दुसऱ्या पक्षात आहेत. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, पहिला पक्ष अन्यायाचा आहे हे खरे. पण दुसऱ्या पक्षानेही बार्बोसाला पुरता न्याय दिलेला नाही. चूक, दोष आणि शिक्षा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही पक्षांनी त्या एकाच गाठोड्यात बांधल्या, म्हणून हा वाद पन्नास वर्षे जागच्या जागी फिरत राहिला.

गोल कसा झाला

प्रथम चूक. ती तपासायची तर तेरा मिनिटे मागे जावे लागते.

मध्यंतरानंतर लगेचच फ्रियासाने गोल करून ब्राझीलला आघाडी मिळवून दिली होती. ६६व्या मिनिटाला गिजियाने उजव्या बगलेतून धाव घेतली, ब्राझीलचा डावा बचावपटू बिगोदे याला मागे टाकले आणि चेंडू गोलसमोर दिला. तेथे धावत आलेल्या हुआन आल्बेर्तो स्कियाफिनोने तो जाळ्यात मारला. बरोबरी झाली.

७९व्या मिनिटाला हेच चित्र पुन्हा उभे राहिले. तीच बगल, तोच गिजिया, मागे पडलेला तोच बिगोदे. मधला बचावपटू जुवेनाल आडवा येऊन वाट अडवू शकला नाही. गिजिया गोलच्या दिशेने आत येत होता आणि उरुग्वेचे बाकीचे आघाडीपटू मधल्या जागेकडे धावत होते. आता बार्बोसापुढे दोन शक्यता होत्या. गिजिया पूर्वीप्रमाणे चेंडू मध्ये देईल, किंवा स्वतःच मारेल.

गोलची रुंदी ७.३२ मीटर असते. बगलेतून येणारा खेळाडू जसजसा शेवटच्या रेषेजवळ सरकतो तसतशी त्याला दिसणारी गोलची फट अरुंद होत जाते. त्यामुळे अशा वेळी गोलरक्षकांचा जुना नियम असा की, जवळचा खांब आधी सांभाळायचा. तिथून गोल झाला तर तो गोलरक्षकाच्या खात्यावर जमा होतो. या नियमाने पाहिले तर निर्णय सोपा आहे : बार्बोसा खांबापासून किंचित सरकला, फट मोकळी झाली, गोल झाला. चूक सिद्ध.

परंतु नियम कशासाठी असतो हेही पाहायला हवे. जवळच्या खांबाचा नियम गोलरक्षकाला सर्वांत संभाव्य धोक्यापासून वाचवण्यासाठी आहे. त्या दिवशी, त्या बगलेतून आलेला धोका कोणता, हे तेरा मिनिटांपूर्वीच दिसले होते. बार्बोसा खांबाला चिकटून राहिला असता आणि गिजियाने चेंडू पुन्हा मध्ये दिला असता, तर तोच गोल दुसऱ्यांदा झाला असता. तेव्हा लोकांनी विचारले असते, एकदा फसूनही हा शिकला कसा नाही? बार्बोसा शिकला होता. शिकलेल्या गोष्टीवर विसंबून त्याने पाऊल टाकले आणि गिजियाने त्या वेळी वेगळे केले. बार्बोसाने तर्काला धरूनच हालचाल केली होती, हे पुढे स्वतः गिजियाही सांगत असे.

बार्बोसा सूर मारून चेंडूपर्यंत पोहोचलाही. आपला हात चेंडूला लागला, तो बाहेर गेला आणि कॉर्नर मिळाला असे त्याला क्षणभर वाटले. मैदान एकाएकी शांत झाले तेव्हा काय घडले ते त्याला कळले. हे त्यानेच नंतर सांगितले आहे.

म्हणजे चूक होती का? होती, एका पावलाची. दोन वाईट शक्यतांपैकी एक निवडावी लागली आणि निवड उलटली, एवढ्याच अर्थाने ती चूक होय. ती निष्काळजीपणाची किंवा भित्रेपणाची चूक नव्हती. गोलरक्षकाच्या धंद्यात असा जुगार रोज खेळावा लागतो, आणि जिंकलेल्या जुगाराची नोंद कोणी ठेवत नाही.

दोष कसा ठरला

चुकीवरून दोषाकडे जाताना हिशेब बदलतो. दोष ठरवायचा तर साऱ्या घटनाक्रमातील प्रत्येकाचा वाटा काढावा लागतो.

त्या स्पर्धेत अंतिम सामना नव्हता. चार संघांची साखळी होती. ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे हरवले होते. उरुग्वेने स्पेनशी २-२ बरोबरी केली होती आणि स्वीडनला ३-२ असे जेमतेम हरवले होते. त्यामुळे शेवटच्या सामन्यात ब्राझीलला केवळ बरोबरी पुरेशी होती. १-१ असताना ब्राझील विश्वविजेता होता. असे असूनही डाव्या बगलेतून एकदा झालेला घात दुसऱ्यांदा होऊ दिला गेला. बिगोदेच्या मदतीला कोणी का आले नाही, बरोबरीनंतर संघाने आपली मांडणी का बदलली नाही, हे प्रश्न प्रशिक्षक फ्लाव्हियो कोस्टा आणि साऱ्या संघाला विचारण्याजोगे होते. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा आदेमिर त्या दिवशी एकही गोल करू शकला नाही, हेही हिशेबात धरायला हवे. मैदानावर तिकिटे काढून आलेले प्रेक्षक १ लाख ७३ हजारांवर होते. प्रत्यक्ष गर्दी दोन लाखांच्या आसपास मानली जाते. विजय आधीच गृहीत धरलेल्या त्या वातावरणाचा खेळाडूंवर काय परिणाम झाला, तेही कोणी मोजले नाही.

हे सारे वाटे काढत बसण्यापेक्षा एक माणूस सापडणे सोयीचे असते. आपल्याकडेही या स्पर्धेच्या बाबतीत असेच झाले आहे. १९५० च्या विश्वचषकात भारताला जागा मिळाली होती. संघ मात्र गेला नाही. अनवाणी खेळायला परवानगी नाकारली म्हणून गेला नाही, ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनी ते खरे कारण नसल्याचे पुढे सांगितले. फुटबॉल संघटनेला ऑलिंपिकचे महत्त्व अधिक वाटत होते. पण अनेक कारणांच्या गुंत्यापेक्षा अनवाणी पायांचे एक चित्र लक्षात राहते. ब्राझीलच्या लक्षात खांबाजवळ पडलेला बार्बोसा राहिला.

तोच का राहिला? बार्बोसा, बिगोदे आणि जुवेनाल हे तिघेही कृष्णवर्णीय होते. पत्रकार मारिओ फिल्यो यांनी ब्राझीलच्या फुटबॉलमधील कृष्णवर्णीयांविषयी १९४७ साली पुस्तक लिहिले होते. १९६४ च्या वाढीव आवृत्तीत त्यांनी १९५० च्या पराभवाचा ठपका या तिघांवर कसा आला आणि त्यामागे वर्णद्वेष कसा होता, ते मांडले. पुढे मारकाना मैदानालाच त्यांचे नाव देण्यात आले. नंतरच्या काही ब्राझिलियन अभ्यासकांनी फिल्यो यांच्या मांडणीला हरकत घेतली. घटनांना कथेचा साचा देण्याकडे त्यांचा कल होता, असा आक्षेप घेतला. हा आक्षेप गंभीर आहे, पण त्याने मूळ प्रश्न सुटत नाही. ठपका पहिल्याच सकाळी आला की हळूहळू साचत गेला, यावर मतभेद होऊ शकतो. तो गोऱ्या प्रशिक्षकावर किंवा आघाडीवीरांवर त्याच वजनाने साचला नाही, ही वस्तुस्थिती आहे.

शिक्षा

शिक्षेचा चुकीशी काहीच संबंध उरला नव्हता. बार्बोसा चांगला गोलरक्षक नव्हता, असे कोणी म्हणू शकत नाही. १९४८ साली वास्को द गामाने दक्षिण अमेरिकेतील विजेत्या क्लबांची स्पर्धा जिंकली आणि १९४९ साली ब्राझीलने दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद मिळवले. दोन्ही वेळी गोलात तोच होता. मारकानाच्या पराभवानंतरही वास्कोने त्याच्यासह रिओची अजिंक्यपदे जिंकली. देशासाठी मात्र तो त्यानंतर १९५३ साली एकदाच खेळला.

पुढे त्याने मारकानाच्याच आवारात नोकरी केली. एका दुकानात एका बाईने आपल्या मुलाला त्याच्याकडे बोट दाखवून, साऱ्या ब्राझीलला रडवणारा तो हाच, असे सांगितले. ही आठवण त्याने स्वतः सांगितली होती. १९९३ साली राष्ट्रीय संघाच्या शिबिराला भेट द्यायला गेला असता, अपशकुन नको म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. ब्राझीलच्या कायद्यात जास्तीत जास्त शिक्षा ३० वर्षांची आहे आणि आपण ५० वर्षे भोगतो आहोत, असे तो अखेरच्या दिवसांत म्हणाला. मारकानाचे जुने लाकडी खांब त्याने घरी नेऊन चुलीत जाळले, अशीही एक गोष्ट सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, खांबाच्या नावाने छळल्या गेलेल्या माणसाविषयी लोकांना ती खरी वाटावीशी वाटते, हे लक्षणीय आहे.

कैवार्‍यांची अडचण

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. बार्बोसाची बाजू घेणारे साहित्य मोठे आहे. पाउलो पेर्दिगाव यांनी १९८६ साली त्या पराभवाची चिरफाड करणारे पुस्तक लिहिले. त्यांच्या लेखनावर आधारलेला जोर्जे फुर्तादो यांचा ‘बार्बोसा’ हा लघुपट १९८८ साली आला. त्यात एक माणूस काळात मागे जातो आणि बार्बोसाला सावध करून तो गोल वाचवू पाहतो. परंतु त्याच्याच धडपडीने बार्बोसाचे लक्ष विचलित होते आणि गोल होतो. दोष एका खेळाडूवरून उचलून पाहणाऱ्याच्या, म्हणजे साऱ्या देशाच्या, हट्टावर ठेवणारी ही कल्पना विलक्षण आहे. उरुग्वेचे एदुआर्दो गालेआनो यांनीही त्याच्याविषयी सहानुभूतीने लिहिले.

या लेखनाचे मोल मोठे आहे. पण त्यात एक गोष्ट निसटते. करुणेच्या भरात बार्बोसा केवळ सोसणारा माणूस होतो. लघुपटात तर त्याच्या हालचालीचे कारणही बाहेरून येते; त्याचा स्वतःचा निर्णय उरतच नाही. खरा बार्बोसा आयुष्यभर सांगत राहिला की, आपण पाहिले, अंदाज बांधला आणि पाऊल टाकले. त्याला क्षमा नको होती. निर्णय समजून घेणारा माणूस हवा होता. त्याला नशिबाचा बळी ठरवले की त्याचे कसब हिरावले जाते. आरोप करणाऱ्यांनीही तेच हिरावले होते.

८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोन्ते येथे जर्मनीने ब्राझीलला ७-१ असे हरवले. सात गोल झाले, पण गोलरक्षक ज्युलिओ सेझारला कोणी जन्मठेप दिली नाही. बार्बोसा आता सुटला, असे तेव्हा अनेकांनी लिहिले. हे तर्कशास्त्र विचित्र आहे. मोठा पराभव आला म्हणून जुना आरोपी सुटला असेल, तर त्याच्यावरचा खटला त्या एका पावलाविषयी कधी नव्हताच. तो देशाच्या अपमानाविषयी होता.

तेव्हा गोलरक्षक दोषी होता का? त्याची चूक झाली. अशी चूक तर्काने खेळणाऱ्या माणसाचीच होऊ शकते. दोष अनेकांचा होता आणि त्यात त्याचा वाटा लहान होता. शिक्षा मात्र त्या दोघांशीही न जुळणारी होती. ज्या देशाने इतकी वर्षे तो क्षण पुन्हा पुन्हा पाहिला, त्याने बिगोदेच्या मागची मोकळी जागा आणि गोलसमोर धावत आलेले उरुग्वेचे खेळाडूही नीट पाहिले असते, तर बार्बोसाने खांब का सोडला हे कळायला एकदा पाहणे पुरे झाले असते.